टाकीत उरलेली हवा

चाळीस सैनिक, रविवारपर्यंत.
एकेकाची उंची अंगठ्याच्या पेराइतकी.
बुधवार संपत आलेला.

दिवसा मी दात रंगवते.
परभणीत, जिंतूर रोडला, दवाखान्यामागच्या खोलीत.
मुळाशी थोडा पिवळेपणा, तंबाखू खाणाऱ्याला शोभेलसा,
टोकाला काचेसारखं निळसर काहीतरी.
एका दाताला दीड तास. नऊ वर्षं हेच.
म्हणून पहिल्या सैनिकाच्या दोन डोळ्यांत
माझी मंगळवारची अख्खी रात्र गेली.

खलील मिस्त्री मोटारसायकलींच्या टाक्या रंगवतात.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, सैनिक उन्हात धरला.
"बुबुळं कामून काढलीस बेटा? कोण बघायलंय?
दात माणूस आरशाला नाक लावून बघतो.
फौज बघायची हातभर लांबून."

मग त्यांची बारकी गन दिली, पेनासारखी धरायची,
डोक्यावर इवलीशी वाटी.
खटका दाबला की हवा, मागं ओढला की रंग.
"आधी हवा सोड. थांबताना आधी रंग तोड.
हवा शेवटपर्यंत."
मी नेमकं उलटं केलं.
दुसऱ्या सैनिकाच्या तोंडावर काळा कोळी बसला,
सगळे पाय पसरून.

रंग किती पातळ? दुधाइतका.
कोणत्या दुधाइतका, मिस्त्री? म्हशीच्या? पाकिटाच्या?
"आमच्या गल्लीत येतंय त्या," ते म्हणाले. "पाणी घातलेल्या."

आधी सगळ्यांना काळं केलं,
बुडातून, काखेतून, ढालीच्या मागून.
मग वरून, फक्त वरून, पांढरं.
एप्रिलात बारा वाजता स्टँडवर उभ्या माणसाचं
कपाळ, नाक, खांदे पेटतात
आणि हनुवटीखाली रात्र उरते, तसं.
सावली काढावीच लागत नाही.
ऊन कुठून येतंय तेवढं ठरवायचं.
हे मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.
दातावर कुठं ऊन पडतं.

मग लाल, इतका पातळ की खालचं ऊन दिसत राहावं.
एका दमात दहा झगे.
मी मोजून बघितलं, अकरा मिनिटं.
मला जरा अपराधी वाटलं.

बेचाळीस डिग्रीत रंग सुईच्या टोकावरच वाळतो.
दर तिसऱ्या माणसानंतर ओल्या ब्रशनं टोक पुसायचं,
वाटीत ग्लिसरीनचे दोन थेंब.
कूलर बंद, त्याचा वारा फवारा पळवतो.
बोरच्या पाण्याची पांढरी कड उमटते,
म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी.
घाम नाकावरून झग्यावर पडला, तो तसाच ठेवला.

शनिवारी रात्री तेहतिसाव्यावर लाईट गेली.
कॉम्प्रेसर गुरगुरत होता तो मध्येच गप्प.
काळोखात हात लावला, टाकी अजून गरम.
मोबाईल दातात धरला, उजेड काट्यावर पाडला:
काटा वरच होता.
मागच्या दोन तासांतली हवा
माझ्यासाठी कोंडून बसलेली.

चौतीस. पस्तीस. श्वास धरून छत्तीस,
जसा काय माझाच श्वास त्यातून जाणार होता.
काटा उतरत चालला.
अडतिसाव्याला फवारा जाडसर,
एकोणचाळिसाव्यावर गन थुंकली,
मुरमाच्या रस्त्यानं चालत आल्यासारखा दिसायला लागला तो.
चाळिसाव्याला नुसती फुस्स.
तो राहिला काळा-पांढरा,
अंगावर ऊन, पण रंग नाही.

नांदेडला सुमेधच्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
टेबलावर फौज मांडली. हातभर लांबून बघितली.
खरंच फौज होती.
सुमेधनं मागच्या रांगेतला उचलला. "हा कोण रे?"
"ठेव खाली," म्हटलं. "हा अजून यायलाय."

पहिल्याच फाशाला पाच झगे आडवे.
त्यात सगळ्यात आधी बुबुळंवाला.

सोमवारी दात आला, वरचा, समोरचा.
शाळेतल्या बाईंचा, हसताना लोक बघणारच असा.
दोन तास लागले.
खिडकी बंद होती, तरी मधेच
ऊन कुठून येतंय ते बघितलं.